एक वर्ष आधी हसं झालेली टीम आणि आमची न उतरवलेली गुढी (व्हर्जिनिया, २०१८-१९)

कट्ट्यावरचा कावळा

नमस्कार मंडळी. परवा कपाट आवरताना दोन टीशर्ट एकाखाली एक सापडले, एक काळा-सोनेरी यूएमबीसीचा आणि एक निळा-केशरी व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचा. बायको म्हणाली यातला एक तरी टाक आता. कुठला टाकावा ते काही मला ठरवता येईना, म्हणून हा धागा काढतोय. विषय अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल आहे. ज्यांना रस नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर 'काय जिलबी पाडलीय' म्हणू नका.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. दर मार्चमध्ये तिकडे कॉलेज टीम्सची बाद फेरीची स्पर्धा असते, मार्च मॅडनेस म्हणतात. ६८ टीम्स, एक मॅच हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकन, आणि पहिल्या फेरीत एक नंबरवाल्यांची गाठ सोळा नंबरवाल्यांशी. म्हणजे मुंबईच्या रणजी टीमसमोर तालुक्याची टीम उभी केल्यासारखं. २०१८ च्या त्या रात्रीपर्यंत पुरुषांमध्ये अशा १३५ मॅच झाल्या होत्या आणि १३५ च्या १३५ एक नंबरवाल्यांनीच जिंकल्या होत्या.

१६ मार्च २०१८, गाव शार्लट (नॉर्थ कॅरोलिनातलं). व्हर्जिनिया त्या वर्षी नुसती विभागात एक नंबर नाही, अख्ख्या ६८ मध्ये अव्वल. ३१ जिंकलेल्या, २ हरलेल्या. समोर यूएमबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, माझं एमएसचं कॉलेज. आमचं नाव कशात तर बुद्धिबळात! कॅम्पसवर एका कुत्र्याचा पुतळा आहे, रिट्रीव्हर, परीक्षेच्या आधी पोरं त्याचं नाक चोळून जातात, चोळून चोळून नाक चकचकीत झालंय. देशी पोरं पण चोळायची, गणपतीला नमस्कार करून वर हेही.

हाफटाइमला स्कोअर २१-२१. आम्ही जुन्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अरे वा, इज्जत राखली' वगैरे लिहीत होतो. मग दुसऱ्या हाफमध्ये आमच्या पोरांनी ५३ पॉइंट मारले. पूर्ण मॅचमध्ये समोरच्याला जेमतेम ५३-५४ पॉइंट देणारी ही व्हर्जिनिया, देशातला सगळ्यात चिवट डिफेन्स, आणि वीस मिनिटांत ५३! शेवट ७४-५४. आमच्या जायरस लाइल्सचे एकट्याचे २८. काठावरची नाही, वीस पॉइंटची हार. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो आणि खालच्या मजल्यावरचा माणूस छताला झाडू ठोकत होता.

आणि तीन महिन्यांनी बायकोला नोकरी लागली. कुठे? शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया. म्हणजे ज्या गावाचं नाक आम्ही कापलं त्याच गावात बिऱ्हाड.

पुढचं जेवण झाल्यावर लिहितो.

झणझणीत

पहिला! वाचतोय. जेवण लवकर आवर.

आजी_ऑनलाइन

मला बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, पण नाक चोळणारा कुत्रा आवडला. लिहा हो.

निळा_सैतान

ड्यूक युनिव्हर्सिटीवाला हजर आहे. (ड्यूकच्या गावात, डरॅममध्ये, बारा वर्षं झाली.) रच्याकने, पुढच्या, म्हणजे २०१८-१९ च्या सीझनला व्हर्जिनिया फक्त तीन मॅच हरली आणि त्यातल्या दोन आमच्याकडून, हे धाग्यात आलंच पाहिजे. नाही आलं तर मी रोज येऊन लिहीन.

कट्ट्यावरचा कावळा

@निळा_सैतान, येईल येईल, दम धरा.

तर जून २०१८. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात मी वाणसामान आणायला गेलो आणि सवयीने तोच काळा-सोनेरी टीशर्ट घातलेला. पिशव्या भरणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अंडी अलगद पिशवीत ठेवली आणि म्हणाले, 'बाळा, हिंमत आहे तुझी.' बस, एवढंच. चिडले नाहीत, हसले पण नाहीत. मला इतकं कसंतरी झालं की तो शर्ट जो कपाटात गेला तो परवाच बाहेर आला.

आता मला वाटलेलं की हे गाव बदला घ्या, बदला घ्या करत बसलं असेल, कोच हाकला म्हणत असेल. पण कोच टोनी बेनेट जागेवर होता, आणि हरलेल्या टीममधले मुख्य तिघे, काइल गाय, टाय जेरोम आणि डीआंड्रे हंटर, परत आले होते. यातला हंटर तर मनगट मोडल्यामुळे त्या मॅचला खेळलाच नव्हता हे मला तिथे गेल्यावर कळलं, आमच्या ग्रुपवर ते कोणी सांगितलं नव्हतं, सोयीस्करपणे. काइल गायने फेसबुकवर उघडपणे लिहिलं होतं की त्याला ॲंग्झायटीचा त्रास आहे. विशी-एकविशीचा पोरगा, अख्खा देश हसतोय. आणि त्याने काय करावं तर आमच्या पोरांच्या जल्लोषाचाच फोटो स्वतःच्या प्रोफाइलला लावला. रोज बघायला.

बेनेटने टीमला एका कथाकाराचं भाषण दाखवलं होतं, बायकोने त्याला पाठवलेलं. त्यातला मुद्दा असा की संकट नीट वापरता आलं तर ते तुम्हाला अशा जागचं तिकीट काढून देतं जिथे दुसऱ्या कुठल्या वाटेने पोचताच आलं नसतं. वर्षभर पोरं हेच मुलाखतींमध्ये सांगायची. मला तेव्हा हे सगळं व्हॉट्सअॅप सुविचारासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिरकस_चाल

अजूनही सुविचारच वाटतोय. हरल्यावर सगळेच असं बोलतात, जिंकले म्हणून लक्षात राहिलं.

नागपुरी_संत्रं

कावळेभाऊ, मस्त चाललंय. मी कॉलेजात इंटर-युनिव्हर्सिटी खेळलोय, उंची ५ फूट ७, त्यामुळे आयुष्यभर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा. व्हर्जिनियाच्या डिफेन्सबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, तर मीच लिहितो, कारण गंमत सगळी तिथे आहे.

त्याला पॅक-लाइन म्हणतात. टोनीचे वडील डिक बेनेट, ते पण मोठे कोच, २००० साली विस्कॉन्सिनला फायनल फोरला (शेवटच्या चारात) घेऊन गेले, त्यांची ही पद्धत. रिंगपासून साधारण १६ फुटांवर, म्हणजे थ्री पॉइंटच्या रेषेच्या (जिच्या बाहेरून मारलं की तीन पॉइंट) आत, एक काल्पनिक रेघ समजा. ज्याच्या माणसाकडे बॉल आहे त्याने रेघेबाहेर जाऊन अंगाला भिडायचं. बाकी चौघांनी रेघेच्या आत. आपला माणूस बाहेर मोकळा उभा असला तरी त्याला चिकटायचं नाही, आत सरकून फट बुजवायची. समोरचा ड्रायव्हिंगला आला की त्याला भिंतच दिसली पाहिजे. पास बाहेर गेला की मग धावत जायचं, पण हात वर आणि पाय लहान लहान टाकत, नाहीतर तो एका हुलकावणीत पार करून जातो.

ऐकायला सोपं आहे. आमच्या सरांनी एकदा चुन्याने ती रेघ खरोखर आखली होती डांबरी कोर्टवर आणि म्हणाले आठवडाभर बास्केट मारायचं नाही, फक्त सरका. तिसऱ्या दिवशी आमच्या मांड्या अशा भरल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, आणि मॅचमध्ये पाच मिनिटांत सगळे आपापल्या माणसामागे पळायला लागले. कारण मोकळा माणूस दिसला की पाय आपोआप तिकडे जातात. ते आवरणं हेच खरं काम, आणि हे व्हर्जिनियाची पोरं दर पझेशनला, म्हणजे बॉल समोरच्यांकडे गेला की दर वेळी, करायची. वर घाई नाही, ३० सेकंदाच्या शॉट क्लॉकमधले (तेवढ्या वेळात शॉट मारावाच लागतो) २५ सेकंद खाऊन मग शॉट. त्या वर्षी देशात सगळ्यात संथ खेळणारी टीम हीच होती.

आणि गंमत म्हणजे डिफेन्सचा गुरू असलेला हा टोनी बेनेट स्वतः खेळायचा तेव्हा कॉलेजचा थ्री पॉइंटचा विक्रमवीर. कारकिर्दीत ४९.७ टक्के. म्हणजे दोनातला एक आत.

झणझणीत

म्हणजे बोअर बास्केटबॉल म्हणा की राव. ५३-४९ असे स्कोअर असतात त्यांचे, आमच्या सोसायटीच्या कॅरमला जास्त पॉइंट होतात.

नागपुरी_संत्रं

@झणझणीत ५३-४९ हा खरंच त्यांचा त्या वर्षीचा स्कोअर आहे, ऑरेगनविरुद्ध, स्वीट सिक्स्टीनला (शेवटच्या सोळात)! न बघता बरोबर सांगितलंत. कसोटीत पुजारा दीडशे बॉल खेळलेला तुम्हाला बोअर होत असेल तर हेही होईल.

झणझणीत

पुजाराला मध्ये आणू नका, रडू येतं.

पश्चिमरंग

यूएमबीसीकडून हरल्यावर सगळे तज्ज्ञ हेच म्हणत होते ना, की असला संथ खेळ लीगमध्ये चालतो, बाद फेरीत मार खातो? मॅचमध्ये पझेशन कमी म्हणजे मोठ्या टीमला आपलं मोठेपण सिद्ध करायला संधीच कमी. गणिताने पटण्यासारखं आहे ते. मग पुढच्या वर्षी त्यांनी बदललं काय?

कट्ट्यावरचा कावळा

@पश्चिमरंग हाच तर धाग्याचा मुद्दा आहे, बरं झालं विचारलंत. काहीच मोठं बदललं नाही! ऑफेन्समध्ये पिक अँड रोल (एकाने आडवं उभं राहायचं, बॉलवाल्याने त्याच्या आडून सुटायचं) वाढवला, जेरोम, गाय, हंटर यांच्या हातात बॉल जास्त राहील असं केलं, बस. बाकी तोच डिफेन्स, तीच कासवाची चाल. ज्या खेळाचं हसं झालं तोच खेळ घेऊन माणूस परत त्याच स्पर्धेत उतरला. मला ह्यात तो बदला-बिदला दिसत नाही, हट्ट दिसतो. लोक ह्याला कमबॅकची गोष्ट म्हणून सांगतात. माझ्या मते ही न बदलण्याची गोष्ट आहे.

लीगचं पटकन सांगतो. नोव्हेंबरमध्ये बहामाजची स्पर्धा जिंकले, मग जिंकतच सुटले. १९ जानेवारीला ड्यूककडे जाऊन ७२-७० हरले. ९ फेब्रुवारीला ड्यूक आमच्या गावात आली, झायन विल्यमसन, आर जे बॅरेट सगळे, मॅच बघायला साक्षात लेब्रॉन जेम्स आलेला, गावात त्या दिवशी पार्किंगला कुत्रं उभं करायला जागा नव्हती. ड्यूकने थ्रीवर थ्री मारून ८१-७१ ने हाणलं. (@निळा_सैतान, झालं समाधान?) तिसरी हार एसीसीच्या, म्हणजे आमच्या लीगच्या, स्पर्धेच्या सेमीला फ्लोरिडा स्टेटकडून. मार्च मॅडनेसला जाताना २९-३, आणि परत एक नंबर. म्हणजे परत सोळा नंबरवाल्याशी मॅच.

आणि समोर आली गार्डनर-वेब. त्यांचं चिन्ह? बुलडॉग. परत कुत्राच!!

आजी_ऑनलाइन

अगंबाई.

निळा_सैतान

झालं समाधान, पूर्ण झालं. आता मी बाकीचा धागा शांतपणे वाचेन. (आम्ही त्या वर्षी मिशिगन स्टेटकडून एका पॉइंटने बाहेर गेलो, ते कोणी काढू नका.)

कट्ट्यावरचा कावळा

२२ मार्च २०१९. शेजारी एक आजी राहायच्या, पंचाहत्तरीच्या, राल्फ सॅम्पसनच्या काळापासून व्हर्जिनियाच्या भक्त. सॅम्पसन म्हणजे ७ फूट ४ इंच, तीन वेळा देशातला सर्वोत्तम खेळाडू, तरी जेतेपद नाही. आणि त्याच सॅम्पसनची टीम १९८२ साली होनोलुलूला शामिनाड नावाच्या कोणाला माहीत नसलेल्या चिमुकल्या कॉलेजकडून हरलेली, ७७-७२. म्हणजे असल्या जगप्रसिद्ध हारी ह्या गावाच्या पाचवीलाच पुजलेल्या. आजींकडे टीव्ही मोठा, म्हणून आम्ही तिकडे. मी यूएमबीसीचा हे त्यांना तोवर सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही.

पहिल्या हाफमध्ये व्हर्जिनिया १४ पॉइंटनी मागे! आजींनी विणकाम खाली ठेवलं. हाफटाइमला ३६-३० मागे. खोलीत कोणी बोलेना, त्यांच्या फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मागच्या वर्षी मी सोफ्यावर नाचत होतो तेव्हा ह्या खोलीत असंच असणार. मग दुसऱ्या हाफमध्ये पोरं खेळली आणि ७१-५६ ने जिंकली, हंटरचे २३. आजी म्हणाल्या, झालं, आता पुढचं सगळं बोनस.

पुढे ओक्लाहोमा ६३-५१, ऑरेगन ५३-४९. आणि मग ३० मार्च, पर्ड्यू.

पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने त्या दिवशी ४२ पॉइंट मारले, दहा थ्री. डोकं बाजूला ठेवून मारत होता, माणूस अंगावर असताना, लांबून, कुठूनही, सगळं आत. शेवटी ५.९ सेकंद उरलेत, व्हर्जिनिया ७०-६७ ने मागे, जेरोमला दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसरा हुकला. आणि उंच उड्यांच्या गर्दीत ममादी डियाकिटेने, गिनीहून आलेला मुलगा, बॉल बोटांनी मागे ढकलला, इतका मागे की तो हाफकोर्टच्याही पलीकडे गडगडत गेला. तिकडे धावला कीहे क्लार्क. टीममधला सगळ्यात बुटका, ५ फूट ९, पहिल्या वर्षाचं पोर. बॉल उचलला, पाठ वळवली, तीन सेकंदपण नाहीत, जेरोम जवळच हात वर करून मागतोय. कोणीही जेरोमला दिला असता नाहीतर स्वतःच लांबून फेकला असता. ह्या पोराने सरळ चाळीसेक फुटांचा पास थेट डियाकिटेला रिंगजवळ दिला. डियाकिटेने पकडला आणि त्याच हालचालीत सोडला, आणि बझर वाजला तेव्हा बॉल हवेत होता.

७०-७०. ओव्हरटाइममध्ये ८०-७५. १९८४ नंतर पहिल्यांदा फायनल फोर. आजी रडत होत्या आणि मी त्यांना पाणी देत होतो आणि मी पण.

नागपुरी_संत्रं

त्या पासची क्लिप मी शंभर वेळा पाहिली असेल. पॉइंट गार्ड म्हणून सांगतो, बॉल हातात आला की पहिली नजर आपल्या ओळखीच्या शूटरकडे जाते, ती सवय असते. पहिल्या वर्षाच्या पोराने टीमचा लीडर हाका मारत असताना त्याला ओलांडून पास द्यायचा, याला जिगर लागते. आमच्या कॉलेजात सिनिअरला बॉल दिला नाही तर बसमध्ये खिडकीची सीट जायची.

पश्चिमरंग

+१. आणि त्या कीहे क्लार्कचं पुढचं माहीत आहे का? २०२३ ला तोच शेवटच्या वर्षाला, परत मार्च मॅडनेस, फर्मनविरुद्ध. दोन पॉइंटनी पुढे, काही सेकंद उरलेले, कोपऱ्यात अडकला आणि घाबरून लांब फेकला तो समोरच्याच्याच हातात. थ्री बसला, ६८-६७ ने हरले. एकाच माणसाच्या नावावर एक असा पास आणि एक तसा.

आजी_ऑनलाइन

अरेरे. हे नसतं सांगितलं तर चाललं असतं.

तिरकस_चाल

सगळं ठीक आहे पण आता ऑबर्नशी सेमीफायनलची मॅच येणार आणि तिथे मी बोलणार. आधीच सांगून ठेवतो, ती मॅच व्हर्जिनिया जिंकली नाही, रेफरीने जिंकून दिली.

कट्ट्यावरचा कावळा

@तिरकस_चाल थांबा हो, माझा पाडवा आहे त्यात.

शनिवार ६ एप्रिल २०१९, गुढीपाडवा, आणि त्याच संध्याकाळी मिनियापोलिसला सेमीफायनल. सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. कडुलिंब मिळाला नाही म्हणून कढीपत्त्याची डहाळी, गाठी मात्र खरी, एका मैत्रिणीने न्यू जर्सीहून आणलेली. आजींनी विचारलं हे काठीवर तांब्या उपडा का, तर बायकोने सांगितलं की विजयाची गुढी असते. झालं! आजींच्या डोक्यात बसलं की हे व्हर्जिनियासाठीच उभारलंय.

मॅच सहाला सुरू. सूर्यास्त साडेसातच्या पुढे, म्हटलं मध्ये उठून गुढी उतरवू. पाच मिनिटं उरलेली तेव्हा आपण दहाने पुढे, ५७-४७. मी उठलो, दारापर्यंत गेलो. आणि ऑबर्नने सलग १४ पॉइंट मारले. ६१-५७ मागे! आजी ओरडल्या, 'तू उठलास म्हणून!' बसलो परत. काइल गायने कोपऱ्यातून थ्री मारला, ६१-६०. ऑबर्नचा एक फ्री थ्रो, ६२-६०. मग शेवटी दीड सेकंद उरला असताना गायला परत कोपऱ्यात बॉल, शॉट हुकला, माझं डोकं हातात, आणि शिट्टी. फाउल. ०.६ सेकंद, तीन फ्री थ्रो.

पहिला आत. दुसरा आत, बरोबरी. तेवढ्यात ऑबर्नच्या कोचने मुद्दाम टाइमआउट घेतला, पोरगा विचार करत बसावा म्हणून. ज्याने वर्षापूर्वी ॲंग्झायटीबद्दल लिहिलं होतं तोच हा पोरगा. जर्सी तोंडावर ओढून घेऊन उभा होता, टीमपासून लांब. तिसरा पण आत. ६३-६२.

बाहेर बघितलं तर मिट्ट काळोख आणि गुढी उभीच.

तिरकस_चाल

आता माझं ऐका. तो शेवटचा शॉट व्हायच्या आधी काही सेकंद टाय जेरोम ड्रिबल करत असताना बॉल त्याच्याच पायाला लागून उडाला, त्याने दोन्ही हातांनी धरला आणि परत ड्रिबल सुरू केला. डबल ड्रिबल. शाळेतलं पोर सांगेल. तो दिला असता तर बॉल ऑबर्नचा, मॅच संपली, फ्री थ्रो-बिथ्रो काही नाही. आणि हे रिप्लेत तपासता पण येत नाही म्हणे.

नागपुरी_संत्रं

डबल ड्रिबल होता, मान्य. लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या आधल्या क्षणी ऑबर्नवाल्याने जर्सी ओढलीय तेही बघा, ते तर ते मुद्दामच करत होते, फ्री थ्रो न देता करता येतील असे फाउल शिल्लक होते म्हणून घड्याळ खायला. आणि गायवरचा फाउल शंभर टक्के होता, शूटरला खाली उतरायला जागा द्यावीच लागते, ऑबर्नचा डाउटी त्याच्या पायाखाली शिरला.

तिरकस_चाल

पर्ड्यूला गडगडत गेलेला बॉल, ऑबर्नला रेफरी, फायनललाही काहीतरी असेलच. ह्याला सिस्टिम म्हणायचं की लॉटरी? २०१८ ला हरले ते फ्लूक आणि २०१९ ला जिंकले ती तपश्चर्या, असं कसं चालेल.

निळा_सैतान

सहमत होण्याचा मोह आवरतोय.

पश्चिमरंग

@तिरकस_चाल मुद्दा बिनतोड आहे खरं तर. एका मॅचवर हरणाऱ्याला भिकार ठरवायचं नाही तर एका मॅचवर जिंकणाऱ्याला महान पण ठरवायचं नाही. पण पूर्ण सीझन ३५-३ आहे हो. ३८ मॅचमध्ये ३ हार हे नशीब नसतं. आणि हंटर त्या वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (प्रो टीम्स नवे खेळाडू निवडतात तो) चौथा गेला, जेरोम पण पहिल्या राउंडमध्ये, गाय दुसऱ्या. टीम कच्ची नव्हती.

कट्ट्यावरचा कावळा

मला विचाराल तर नशीब होतंच, तीन-तीन वेळा. पण नशिबाची वेळ येईपर्यंत मॅचमध्ये टिकून राहावं लागतं ना, आणि ह्या टीमचं सगळं कौशल्य तेवढंच होतं, समोरच्याला लांब जाऊ न देणं. संथ खेळाचा तोटा पश्चिमरंग यांनी सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू.

फायनल सोमवारी ८ एप्रिलला, टेक्सस टेकशी. दोघांचाही पहिलाच फायनलचा अनुभव, दोन्ही डिफेन्सवाल्या टीम्स, सगळे म्हणत होते झोप येणार. झालं उलटंच. व्हर्जिनिया दहाने पुढे गेली, मग टेकने सगळं भरून काढलं, शेवटी टेक ६८-६५ ने पुढे. बारा सेकंद उरलेले असताना जेरोम आत घुसला, डिफेन्स त्याच्यावर, त्याने कोपऱ्यात हंटरला दिला. हंटरने थ्री मारला, आत. ६८-६८. हाच तो हंटर, मागच्या वर्षी मनगट बांधून बाकावर बसलेला. त्याचे त्या दिवशी २७, त्यातले २२ हाफटाइमनंतर. पलीकडून टेकच्या कल्व्हरचा शेवटचा शॉट आमच्या ब्रॅक्स्टन की या पोराने अडवला. ओव्हरटाइममध्ये १२ फ्री थ्रो मिळाले, बाराच्या बारा आत. ८५-७७.

@तिरकस_चाल, हो, ओव्हरटाइममध्ये एकदा बॉल बाहेर कोणाचा यावर रिप्ले बघितला आणि टेकच्या मोरेटीच्या बोटाच्या टोकाला लागलेला निघाला. तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय, लपवत नाही.

रात्री बारानंतर अख्खी पोरं 'कॉर्नर'वर, म्हणजे युनिव्हर्सिटीसमोरचा हॉटेलांचा रस्ता, आपला एफसी रोड समजा. आम्ही पण गेलो, मी जाताना नवा निळा-केशरी शर्ट घालून. दिव्याच्या खांबांवर पोरं चढलेली. दोन वर्षांपूर्वी ऑगस्ट २०१७ ला ह्या गावाचं नाव जगभर वेगळ्याच कारणाने, त्या वंशद्वेष्ट्यांच्या मोर्चामुळे गेलेलं. एक बाई रडत रडत कोणालातरी फोनवर सांगत होती की निदान आता गावाचं नाव काढलं की लोक आधी हे विचारतील.

नागपुरी_संत्रं

बेनेटबद्दल एक राहिलं. जिंकल्यावर युनिव्हर्सिटी पगार वाढवायला निघाली तर ह्याने नको म्हटलं, वर पाच लाख डॉलर दिले, खेळाडूंना पुढे नोकरी-धंद्याला उपयोग व्हावा म्हणून. आणि ऑक्टोबर २०२४ ला सीझन तोंडावर असताना निवृत्त झाला, म्हणाला आता पोरांना पैसे मिळतात, टीम बदलत राहतात, ह्या नव्या जमान्यासाठी मी योग्य माणूस नाही.

झणझणीत

पैसे मिळायलाच पाहिजेत पण पोरांना, कोच लाखोंनी घेणार आणि पोरांनी फुकट खेळायचं? हे एक पटलं नाही बेनेटचं. माणूस मोठा असेल.

निळा_सैतान

आता शेवटचा तडका मी देतो, कारण कावळ्याने मुद्दाम राखून ठेवलाय असं दिसतंय. मार्च २०२५ ला व्हर्जिनियाने नवा कोच कोणाला केलं? रायन ओडमला. आणि १६ मार्च २०१८ ला यूएमबीसीचा कोच कोण होता?

आजी_ऑनलाइन

नाही हं!! ज्याने नाक कापलं त्यालाच?

कट्ट्यावरचा कावळा

अहो तोच. @निळा_सैतान, माझी मलई पळवलीत. आणि त्याचे वडील पूर्वी व्हर्जिनियाचेच असिस्टंट कोच, हा लहानपणी त्याच टीमचा बॉलबॉय होता. म्हणून तर शर्ट कुठला टाकू विचारतोय.

तिरकस_चाल

दोन्ही टाका. बायकोचं ऐकावं.

आजी_ऑनलाइन

ते राहू द्या, गुढी कधी उतरवलीत ते सांगा.

कट्ट्यावरचा कावळा

आजी, शनिवारी रात्री उतरवायला गेलो तर शेजारच्या आजी म्हणाल्या खबरदार, सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. पुण्याला आईला सांगितलं तर ती म्हणाली सूर्यास्तानंतर ठेवतात का कधी, काहीतरीच तुमचं. बायको आजींच्या पक्षाला. मंगळवारी सकाळी उतरवली. तांब्या आणि साडी ठीक होती, कढीपत्ता वाळून चुरा झालेला, आणि गाठी गायब. दोऱ्याला फक्त दोन बत्तासे लोंबत होते आणि कठड्यावर एक खार बसून तिसरा खात होती.